चाळीस प्रश्न

"धोक्याची भीती वाटत नाही, असं होतं का? क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, बहुतेक वेळा, की नेहमीच?"

"क्वचित," मी म्हणाले.

मॅडमनी कागदावर १ लिहिला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. शेजारी आमचे हे टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत बसले होते. अप्पू टेबलाखाली होता. तिथं एक्स्टेन्शन बोर्ड पडला होता, त्याच्या लाल दिव्यावर बोट ठेवायचं, काढायचं, पुन्हा ठेवायचं, असं त्याचं चाललं होतं.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. अप्पू साडेपाच वर्षांचा होता. दिव्यांग प्रमाणपत्राच्या भानगडीत पडण्याआधी एकदा 'इसा' करून घ्या, असं त्याच्या थेरपिस्टनं सुचवलं होतं. आयएसएए ही आपल्याकडच्या मुलांचा ऑटिझम मोजायला सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली मोजपट्टी. बोलताना सगळे इसाच म्हणतात. प्रश्न चाळीस, प्रत्येकाला १ ते ५ मार्क. शाळेच्या परीक्षेच्या नेमकं उलटं, जितकं अवघड तितके मार्क जास्त. बेरीज ७० च्या आत राहिली तर ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. हे मला सगळं नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळत होतं, की एक परकी बाई माझ्या लेकराबद्दल विचारतेय आणि मला त्याची बाजू सांभाळायची आहे.

सांभाळली की मी. बेरीज आली ६८.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. म्हणाल्या, "ताई, मी आत्ता अर्धा तास ह्याच्याबरोबर जमिनीवर बसून खेळले. ते मूल आणि ह्या कागदावरचं मूल जुळत नाहीये. तुम्ही उत्तरं मला देताय की घरी आलेल्या पाहुण्यांना?"

मला राग आला. खरं सांगायचं तर पकडलं गेल्याचा राग होता तो.

कारण झाकायची सवय आम्हाला चार वर्षांची होती. लग्नात अप्पू कानावर हात ठेवून किंचाळला, तर "झोप झाली नाही त्याची." कुणी नाव विचारलं आणि तो त्यांच्या शर्टाचं बटणच बघत राहिला, तर "लाजतोय." जाऊबाईंच्या घरी त्यानं सगळ्यांच्या चपला एका ओळीत लावल्या आणि एक जोड हलवला म्हणून डोकं आपटून घेतलं, तेव्हा मी म्हणाले होते, "फार टापटीप आहे हो तो." जाऊबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मीही हसत राहिले.

तसं सुरुवातीला झाकण्यासारखं काही नव्हतंच. दीड वर्षाचा असताना तो सात-आठ शब्द बोलायचा. मग उन्हाळ्यात विहिरीचं पाणी उतरत जावं तसे ते एकेक करून गेले. हाक मारली तर मान वळायची नाही, पण दोन खोल्या पलीकडे बिस्किटाचा पुडा फोडला की हजर. आधी कानाची तपासणी, बेरा. लेकराला औषध देऊन झोपवायचं, डोक्याला वायरी चिकटवायच्या, कानात आवाज सोडून मेंदू उत्तर देतो का ते बघायचं. रिपोर्ट उत्तम आला. मी कॉलनीत पेढे वाटले. कान चांगले असून पोर हाकेला ओ देत नाही, ह्याचा अर्थ काय, हा विचार पेढे संपल्यावर रात्री डोक्यात आला.

मग बालरोगतज्ज्ञांनी वीस प्रश्नांचा एक कागद भरायला दिला, एम-चॅट नावाचा. त्यातला एक प्रश्न अजून लक्षात आहे. मूल तुम्हाला काही दाखवायला बोट करतं का? मागायला नव्हे, नुसतं दाखवायला. बघ आई, चिमणी. बघ, विमान. मी आठवून आठवून थकले. अप्पूनं मला आजवर काहीच दाखवलं नव्हतं. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून माठापर्यंत न्यायचा आणि माझा हात माठाच्या झाकणावर ठेवायचा. माझा हात म्हणजे त्याचं ओगराळं.

तिथून पुणे. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस, एक दिवसाची रजा, डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियन, म्हणजे मुलांच्या विकासाचे डॉक्टर. संध्याकाळी परतीच्या गाडीत ह्यांनी फाईल रॅकवर ठेवली आणि कुर्डुवाडी येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. निदानाबद्दल एवढंच लिहिते. त्या दिवसावर खूप जणींनी खूप लिहिलंय आणि माझं काही वेगळं नव्हतं.

भाषेचं मात्र सांगायला हवं, कारण ते आमच्या सोलापूरचं आहे. आमच्या घरात सासूबाई कन्नड बोलतात. आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो. मी आणि माझी मोठी मुलगी मराठी. शेजारी दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं, त्यांच्या अंगणातच आमची मुलं वाढली. ह्या शहरात तिन्ही भाषांतून भांडता येणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. पण अप्पू बोलेना म्हटल्यावर दोष आधी भाषांवर गेला. एका जाणत्या नातेवाइकानं ठामपणे सांगितलं, "तीन भाषांचा गोंधळ उडालाय पोराच्या डोक्यात. कन्नड बंद करा."

अव्वांनी बंद केली. कन्नड बंद करायची म्हणजे त्यांच्यासाठी बोलणंच बंद. त्यांना मराठी येते, पण बाजारातली, भाव करायची. नातवाला मांडीवर घेऊन काय बोलायचं ते त्यांच्याजवळ मराठीत नव्हतंच. जवळजवळ चार महिने त्या त्याला मुक्यानं जेवू घालत होत्या. भाकरीचा घास करायचा, दुधात बुडवायचा, तोंडाशी न्यायचा, आणि ओठ घट्ट मिटून बसायचं. मी ते रोज बघत होते आणि बरोबर चाललंय असं समजत होते.

पुण्याच्या डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. एकाहून जास्त भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. उलट ज्या माणसाला ज्या भाषेत लाड करता येतात, त्यानं त्याच भाषेत बोलावं. घरी येऊन अव्वांना सांगितलं. त्या उठून आत गेल्या आणि आतूनच हाक ऐकू आली, "अप्पू, बा इल्ली!" तो काही गेला नाही. पण अव्वा रात्री उशिरापर्यंत त्याच्याशी बोलत होत्या, चार महिन्यांचं एकदम. थेरपी सुरू झाल्यावर सात-आठ महिन्यांनी गेलेल्या शब्दांतला पहिला शब्द परत आला तो 'बेडा'. म्हणजे कन्नडमधलं 'नको'. त्या दिवशी त्यानं भेंडी, आंघोळ, शर्ट, मी, ताई, सगळ्यांना बेडा म्हणून घेतलं.

पुढचं बोलणं आलं ते उधारीचं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं, त्याला इकोलेलिया म्हणतात. आपण विचारतो, "तुला भाकरी देऊ?" म्हणून भूक लागली की तोही येऊन म्हणतो, "तुला भाकरी देऊ?" मी-तू उलटं. पहिल्यांदा ऐकून पाहुण्यांना वाटतं, किती अगत्यशील पोरगं आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" असा गजर होतो, तो त्यानं एका वर्षी मामाच्या खांद्यावरून ऐकला. तेव्हापासून आनंद झाला की "हर्र बोला हर्र!" आइस्क्रीम दिसलं, हर्र. लाईट आली, हर्र. ही नुसती पोपटपंची आहे असं मला आधी वाटायचं. त्याच्या स्पीच थेरपिस्टनं शिकवलं, की तो काय म्हणतो ते सोडा, कधी म्हणतो ते बघा.

ह्या सगळ्या काळात सल्ले देणारे भरपूर भेटले. गहू बंद करा, दूध बंद करा. लसीमुळे झालंय, हे ह्यांच्या फॅक्टरीतल्या एकानं मोबाईलवर पाठवलं. ज्या लेखावरून ते सगळं उठलं तो १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये छापला होता आणि २०१० साली त्याच नियतकालिकानं तो मागे घेतला, हे मला डॉक्टरांकडून कळलं. पाठवणाऱ्याला मी कळवलं, त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सगळ्यात महागडा सल्ला स्टेम सेलचा, म्हणजे मूळपेशी टोचून घ्यायचा होता. मोठ्या शहरातल्या एका ठिकाणाहून लाखांतला आकडा आला आणि ह्यांनी गावाकडच्या जमिनीबद्दल भावाला फोनसुद्धा केला. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेम सेल हा अजून संशोधनाचा विषय आहे, आणि संशोधनात सामील होणाऱ्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी हे एका वाक्यात सांगितलं, "प्रयोग असेल तर पैसे कशाला, आणि उपचार असेल तर पुरावा कुठाय?" जमीन वाचली.

प्रमाणपत्राला ह्यांचा विरोध होता. "एकदा शिक्का बसला की बसला. पुढं सुधारला तर?" मीही मनातून त्याच बाजूची. पण त्या वर्षी एका शाळेनं आम्हाला ऑफिसात बसवून चहा पाजला आणि सांगितलं, की इतर पालक तक्रार करतील. कुठल्या नियमात बसतं हे, असं विचारायला तोंड उघडलं तर मला स्वतःलाच नियम माहीत नव्हता. मी लग्नाआधीपासून एका टॉवेलच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. कागद नसेल तर येणं बुडतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. घरी येऊन वाचायला बसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क. म्हणून आम्ही मॅडमच्या त्या खोलीत गेलो होतो. आणि तिथं जाऊन मी ६८ मार्क काढून आले होते.

मॅडम रागावल्या नव्हत्या. त्यांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलं आणि अभ्यास दिला. एक वही घालायची. 'नेहमी', 'कधीकधी' असले शब्द लिहायचे नाहीत. काय झालं, त्याच्या आधी काय चाललं होतं, नंतर आपण काय केलं. आणि दहा वेळा प्रसंग आला तर किती वेळा झालं, तेवढंच. इसातले १ ते ५ हे मुळात प्रमाणच आहे, वीस टक्क्यांपर्यंत एक, ऐंशीच्या वर पाच. "तुमच्या मनाला काय वाटतं ते नको," म्हणाल्या, "आकडा आणा."

आकडा आणा म्हटल्यावर मला एकदम बरं वाटलं. लांब खतावणी घेतली, उभ्या रेघा मारल्या. वार, वेळ, आधी, काय, नंतर. पहिली नोंद अशी आहे: 'सोमवार, सकाळी ७.१०. आधी: कुकरची शिट्टी. काय: कान दाबून पलंगाखाली. नंतर: गॅस बंद केला. ११ मिनिटं.' दुसरी: 'सोमवार, ९.३०. हाक ५ वेळा. वळून बघितलं १ वेळा (हातात चकली होती).'

चार दिवसांत हात बसला. मग गंमत सुरू झाली. आम्ही सगळे धरून चालत होतो, की त्याला आवाज सहन होत नाही. वहीत वेगळंच दिसायला लागलं. आमच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचं शेड आहे. दिवसभर खटक-खट, खटक-खट. पाहुण्यांना बोलणं ऐकू येत नाही इतका आवाज. अप्पू त्या भिंतीला कान लावून बसतो, शांत, कधी डोळे मिटून. तो रडतो शेडला सुट्टी असते त्या दिवशी. म्हणजे मोठा आवाज त्याला चालतो. चालत नाही तो अवचित आवाज. कुकर, स्कूटरचा हॉर्न, कुणाचं एकदम हसणं. मागाला ताल आहे, पुढचा ठोका कधी पडणार ते माहीत असतं. पाच वर्षं मी त्याला त्या भिंतीपासून उचलून आणत होते. कान खराब होतील म्हणून.

दुसरी गोष्ट मुलीनं शोधली. ती तेव्हा सहावीत होती. वही चाळता चाळता म्हणाली, "आई, ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी हा जास्त करतो." आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि वेळेचा नेम नाही. रात्री एक वाजताही येतं. पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू. मी पदर खोचून पळते, बॅरल, टाकी, हंडे, कळशा. अव्वा ओरडतात, ताईला झोपेतून उठवून नळी धरायला लावतो. अप्पूच्या दृष्टीनं बघितलं तर अंधारात अचानक घर पिसाळतं. मी वहीवर लाल पेनानं पाण्याच्या दिवसांना गोल केले. दोन आठवड्यांत तीन वेळा पाणी आलं होतं. डोकं आपटून घेण्याच्या चार नोंदी होत्या. त्यातल्या तीन गोलांच्या आत.

मला त्या रात्री झोप आली नाही. आम्ही दर चार दिवसांनी त्याला घाबरवत होतो आणि मग कॉलनीला सांगत होतो, की त्याला दात आलेत.

दुसऱ्या खेपेला अव्वापण आल्या. घरात राहायला तयार नव्हत्या, "मी आज्जी आहे, मला विचारा" म्हणून. वही मांडीवर घेऊन मी उत्तरं देत गेले. नजरेला नजर, दहात दोनदा. स्वतःहून बोलणं सुरू करणं, जवळजवळ नाहीच. मिळवलेलं बोलणं गेलं, हो. प्रत्येक आकडा सांगताना पहिल्यांदा जीभ जड व्हायची. पंधरा-सोळा प्रश्नांनंतर ते कमी झालं. वहीतलं वाचून दाखवायचं असतं तेव्हा सोपं जातं.

भीतीचा प्रश्न आला. मी वही चाळली. दोन आठवड्यांत तशी एकच नोंद होती, गच्चीच्या कठड्याची. मी 'कधीकधी' म्हणणार होते.

"पाच लिहा मॅडम," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. ते पुन्हा त्या पेपरवेटशीच बोलत होते. "श्रावणात सोमवारी ह्याला घेऊन सिद्धेश्वराला गेलतो. दर्शन झालं. बाहेर येऊन चप्पल घालायला वाकलो, तेवढ्यात हात सुटला. तळ्याकडं गेला. पळाला नाही ओ, चालत गेला. ह्या खोलीतून त्या खोलीत जावं तसा. पायऱ्या उतरला, गुडघ्याएवढं पाणी, मग कमरेएवढं. मागं बघितलं नाही, थांबला नाही. हार विकणाऱ्या एका बाईनं साडी वर करून उडी टाकली आणि शर्टाला धरलं."

खोलीत कुणी बोलेना. मला तो सोमवार आठवत होता. दोघं ओले होऊन घरी आले होते आणि मी चिडले होते, छत्री का नेली नाही म्हणून.

"तुम्ही म्हणालात पाऊस लागला," मी म्हणाले.

"हो."

"लागलाच नव्हता पाऊस?"

"नव्हता."

अव्वांनी पदर तोंडाला लावला. मॅडमनी ५ लिहिलं आणि पाच मिनिटं सुट्टी दिली. आम्ही व्हरांड्यात उभे राहिलो. मला वाटत होतं, जगापासून झाकतोय ते आम्ही दोघं मिळून. हा माणूस एक अख्खं तळं माझ्यापासूनसुद्धा झाकून सात महिने झोपत होता. काय बोलणार? मी त्यांना पाण्याची बाटली दिली. ते प्यायले.

शेवटचे प्रश्न बुद्धीचे. असाधारण स्मरणशक्ती आहे का, हा प्रश्न आला आणि अव्वांचा चेहरा उजळला. दोन तास सगळी दुखणी ऐकून त्या वैतागल्या होत्या. "मग! एकदा गेलेला रस्ता विसरत नाही. अक्कलकोटला बहिणीच्या घरी कुठल्या कोनाड्यात काय आहे ते सांगेल." मॅडम हसल्या आणि तिथंही ४ लिहिले. बाहेर आल्यावर अव्वांना कळलं, की त्या कौतुकाचे मार्कसुद्धा आजाराच्या बेरजेत धरलेत. त्या अजून त्याबद्दल बोलून दाखवतात.

बेरीज ९८. सौम्य, आणि दिव्यांगत्व ६० टक्के. सौम्य हा शब्द ज्यांनी निवडला त्यांना एकदा पाण्याच्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला बोलवायला हवं.

पुढचं सगळं धावपळीचं. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर प्रमाणपत्राचा अर्ज, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो. फोटोनं घाम काढला. पांढरा पडदा, तोंड समोर, डोळे उघडे, एवढंच हवं असतं आणि तेच होत नाही. स्टुडिओवाल्या दादांनी चुटक्या वाजवल्या, खुळखुळा आणला, स्वतः माकडासारखे नाचले. अप्पू छतावरच्या छत्रीसारख्या दिव्याकडे बघत राहिला. शेवटी ताईनं मोबाईलवर शेडमधल्या मागाचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता तो कॅमेऱ्यामागं लावला. खटक-खट, खटक-खट. त्यानं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. असा फोटो आमच्याकडे आजवर एकही नव्हता. मी आठच्या जागी बत्तीस कॉप्या काढून घेतल्या.

मेडिकल बोर्डाच्या तपासणीच्या दिवशी सरकारी दवाखान्यात भली मोठी रांग होती. मी आधीच ठरवलं होतं, एक जण रांगेत, एक जण अप्पूबरोबर आवारातल्या झाडाखाली. नंबर जवळ आला की फोन. सोबत हेडफोन, चकलीचा डबा, आणि गळ्यात दोरीला बांधलेली चित्रांची तीन कार्डं: डॉक्टर, घर, आइस्क्रीम. आधी हे, मग हे, मग हे. रांगेत काठी घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले, "काय झालंय ओ लेकराला? दिसायला तर धडधाकट हाय की." नेहमीची मी असते तर म्हणाले असते, काही नाही, जरा हट्टी आहे. मी म्हणाले, "ऑटिझम आहे, काका. बोलणं आणि माणसांत मिसळणं अवघड जातं त्याला." आजोबांनी "हं" केलं आणि स्वतःच्या गुडघ्याची हकिकत सांगायला लागले. इतकंच. मी चार वर्षं ज्याला घाबरत होते ते एवढंच निघालं.

आतल्या डॉक्टरांनी फाईल बघितली, वही चाळली, अप्पूला दोन-चार गोष्टी करायला सांगितल्या. दहा मिनिटं लागली असतील. प्रमाणपत्रावर मुदत आहे, पुढे पुन्हा तपासणी. ह्यांच्या 'सुधारला तर?' ह्या प्रश्नाचं उत्तर त्या मुदतीतच होतं. पुढे पोस्टानं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र आलं. ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, त्याच्या वर निळं. आमचं पिवळं. अप्पूनं त्याचा वास घेतला आणि मग कोपरा चाटून बघितला. वस्तूंचा वास घेतो, चव घेतो का, हाही त्या चाळीसातलाच एक प्रश्न. मी सवयीनं वहीत टिपून टाकलं.

हिशेबनीस बाईचं डोकं असल्यानं बाकीची वसुलीही केली. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना, वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण, त्यात थेरपीचाही काही खर्च निघतो. ह्यांच्या प्राप्तिकरात ८०डीडी खाली ७५,००० ची वजावट, मात्र जुनी करपद्धत घेतली तरच. दहावीच्या पेपरला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, ते आत्ता कशाला, पण लिहून ठेवलंय. शाळा मिळाली. चहा पाजणारी नाही, दुसरीच. तिथल्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "ह्याला काय चालत नाही?" मी वहीची झेरॉक्स दिली. त्यांनी त्याची जागा दाराजवळ ठेवली आणि घंटा व्हायच्या एक मिनिट आधी त्याच्या बाकावर दोन टिचक्या मारतात. आता घंटेला तो कान झाकत नाही. कविता म्हणायला उठत नाही, डबा फक्त एकाच मुलाशेजारी बसून खातो, आणि गेल्या महिन्यात एकाला चावला. त्या आईला मी स्वतः जाऊन भेटले. त्यांनी चहा विचारला नाही, बरोबरच आहे त्यांचं.

पाण्याच्या रात्रीचं बरंच काही बदललं. पाणी येणार असं कळलं, की भिंतीवर निळ्या बादलीचं चित्र लागतं, मग दिवस असो की रात्र. मोटार लावायच्या आधी मी त्याला बोटांवर पाच आकडे मोजून दाखवते. आणि त्याला काम दिलंय, नळी धरायचं. बॅरलमध्ये पाणी चढताना त्याचा आवाज बदलत जातो, भरत आलं की बारीक होतो, ते त्याला आमच्या कुणापेक्षाही आधी कळतं. सुरुवातीला दोनदा फसलं, एकदा तर सगळं पाणी अव्वांच्या गादीवर.

वही अजून चालू आहे, तिसरी. काल रात्रीची नोंद देते.

'बुधवार, रात्री १.४५. आधी: पाणी आलं. बादलीचं चित्र लावायला विसरले. काय: उठून बसला. हेडफोन स्वतः शोधले, कानाला लावले. माझ्याजवळ आला. बॅरलकडे बोट केलं. माझं मनगट धरलं नाही. नंतर: नळी दिली. बॅरल भरत आल्यावर "बेडा बेडा" म्हणाला, मी नळी दुसऱ्या बॅरलमध्ये टाकली. एक हंडा सांडला, तो माझ्याकडून.'